मिनीडीव्ही कॅसेट आणि कॅमकॉर्डरच्या बॅटऱ्या : निवड, साठवण आणि पावसाळ्याआधीची तयारी

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. आमच्या चिपळूणच्या घरी १९९९ ते २००८ या काळातल्या तीसएक मिनीडीव्ही, म्हणजे घरगुती कॅमेऱ्याच्या छोट्या डिजिटल व्हिडिओ कॅसेट आहेत. त्यांत आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन, बहिणीचे लग्न, शिमग्याची पालखी आणि आता हयात नसलेल्या कितीतरी माणसांचे आवाज आहेत. जुलै २०२१ च्या महापुरात खालचा मजला पाण्याखाली गेला. पेटी माळ्यावर असल्याने तिला पाणी लागले नाही, पण घर वाळेपर्यंतच्या महिन्यांत तिथली हवा फार दमट राहिली. परवा पेटी उघडली, तेव्हा दोन कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढुरके ठिपके दिसले. कॅमकॉर्डर सोनीचा आहे. त्याची बॅटरी चार्जरला लावली की दिवा थोडा वेळ लुकलुकतो आणि विझतो.

बॅटरी मूळ कंपनीचीच शोधावी की बाजारात मिळणारी दुसरी चालेल, ठिपके पडलेल्या कॅसेटचे काय करावे, आणि सगळे चित्रीकरण नव्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून ठेवणे शहाणपणाचे ठरेल का, हे तीन प्रश्न आहेत. पावसाळा तोंडावर आला आहे, त्यामुळे त्याआधी जेवढे होईल तेवढे करायचे आहे.

सांगलीचा व्हिडिओवाला

वाशिष्ठीकाठ, तुमच्या प्रश्नांचा क्रम मी थोडा बदलतो. कॅसेटवरचे चित्रीकरण संगणकात घेण्यासाठी बॅटरी लागतच नाही. कॅमकॉर्डरबरोबर आलेला विजेचा अडॅप्टर शोधा. त्या काळातल्या सोनीच्या बहुतेक हँडीकॅमचा अडॅप्टर ८.४ व्होल्टचा असतो आणि त्यावर यंत्र कितीही तास चालते. अर्धी कॅसेट वाचून झाली असताना बॅटरी संपली, तर फीत ड्रमभोवती, म्हणजे ती वाचणाऱ्या फिरत्या दंडगोलाभोवती, गुंडाळलेल्या अवस्थेत यंत्र बंद पडते, आणि जुन्या यंत्रात ती तिथेच अडकून बसण्याचा धोका असतो. म्हणून आपल्या कामासाठी अडॅप्टरच योग्य आहे.

दुसरे, ठिपके पडलेल्या त्या दोन कॅसेट आजच बाकीच्यांतून वेगळ्या करा, प्रत्येकी एका बंद होणाऱ्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि काहीही झाले तरी त्या स्वतःच्या कॅमेऱ्यात घालू नका. ते ठिपके बहुधा बुरशीचे आहेत. मिनीडीव्हीची फीत ६.३५ मिलिमीटर रुंद आणि साधारण सात मायक्रॉन जाड असते. तिच्यावरचा प्रत्येक माग, म्हणजे नोंदीची तिरपी रेघ, दहा मायक्रॉन रुंदीचा असतो आणि मिनिटाला ९,००० फेरे घेणाऱ्या ड्रमवरची हेडे, म्हणजे चुंबकीय वाचक टोके, तो वाचतात. पाल, म्हणजे भारतातल्या टीव्हीच्या चित्रपद्धतीत एका चौकटीसाठी असे बारा माग, म्हणजे सेकंदाला तीनशे माग वाचले जातात. एवढ्या बारीक कामात बुरशीचा एक कण हेडच्या फटीत बसला, तर त्या कॅसेटचे चित्र तुटतेच, शिवाय तीच बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

बाकीच्या कॅसेट तपासताना खिडकीवर टॉर्च तिरपा धरा. गुंडाळीची बाजू काळी, सपाट आणि आरशासारखी एकसंध दिसली पाहिजे. त्यावर पांढरी जाळी किंवा भुकटी दिसली, तर ती बुरशी समजावी. एखादे वेढणे वर आलेले दिसले किंवा कडेला लाटा दिसल्या, तर फीत सैल गुंडाळली गेली आहे. अशी कॅसेट चालवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा सुरुवातीपर्यंत मागे नेली की तिचा ताण सारखा होतो. मात्र जी फीत फिरताना अडते किंवा वेगळा आवाज करते, तिच्यावर हा उपाय करू नये. ती तशीच बाहेर काढून जाणकाराकडे द्यावी.

सहस्रचंद्रदर्शनाची कॅसेट सर्वांत आधी पाहावी असे तुम्हाला वाटेल, तरी तो मोह आवरा. कॅमेरा इतकी वर्षे बंद आहे, त्यातले रबरी भाग आणि वंगण कोणत्या अवस्थेत आहेत हे ठाऊक नाही. पहिली चाचणी अशा कॅसेटवर करा जी गेली तरी कोणाला दुःख होणार नाही. ती संपूर्ण वाचली गेली आणि नीट बाहेर आली, मगच पुढचे.

सर्किट आणि सेल

बॅटरीविषयी सविस्तर लिहितो, कारण या विषयावर चुकीची माहिती फार पसरलेली आहे.

सोनीच्या या बॅटऱ्या लिथियम-आयनच्या आहेत. दोन सेल एकामागे एक जोडून ७.२ व्होल्ट मिळतात आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४. वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर सेल स्वतः थोडा थोडा उतरतो, शिवाय आतले सर्किटही त्यातून सूक्ष्म वीज घेत राहते. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेले की संरक्षक सर्किट बॅटरीला बंद करून टाकते. तुमच्या चार्जरचा दिवा लुकलुकून विझतो, त्याचा अर्थ बहुधा हाच आहे. अशा बॅटरीला बाहेरून तारा लावून 'जागे' करण्याचे व्हिडिओ अनेक ठिकाणी दिसतात. कृपया तसे करू नका. खोलवर उतरलेल्या सेलमध्ये आतले तांबे विरघळून नंतर नको त्या जागी साचते, आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊन सेल पेटू शकतो. संरक्षक सर्किटने तिला बंद केले ते याच कारणाने.

नवी घ्यायची असेल तर आधी जुनीवरचा क्रमांक वाचा. एनपी-एफ ५५०, ७५०, ९७० या मालिकेतली असेल तर तुमचे नशीब चांगले आहे, कारण लग्नाच्या शूटिंगमधले एलईडी दिवे आणि मॉनिटर आजही याच बॅटऱ्यांवर चालतात. त्यामुळे त्या जिल्ह्याच्या ठिकाणी फोटोग्राफीचे सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळतात. एनपी-एफएम, एफपी, एफएच या मालिकांचे तसे नाही. त्या शोधाव्या लागतात आणि मूळ कंपनीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक बॅटऱ्या एकतर नकली असतात किंवा इतक्या जुन्या असतात की न वापरताच म्हाताऱ्या झालेल्या असतात. लिथियम-आयनचे वय तयार झाल्या दिवसापासून मोजायचे असते, त्यामुळे खोक्यात सीलबंद राहिलेल्या पंधरा वर्षांच्या मूळ बॅटरीपेक्षा मी गेल्या वर्षी बनलेली चांगल्या ब्रँडची दुसरी बॅटरी पसंत करेन. फक्त सोनीचे काही कॅमेरे आतली चिप ओळखल्याशिवाय बॅटरी स्वीकारत नाहीत आणि पडद्यावर 'सी:०४' असा संकेत दाखवतात. दुकानदाराकडून परत घेण्याची हमी मिळाली तरच विकत घ्या.

बॅटरीवर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, हिशेब करा. एफ ५५० च्या आकारात १८६५० जातीचे दोनच सेल मावतात आणि ते एकामागे एक जोडलेले असल्याने क्षमता एका सेलएवढीच राहते. या जातीचा उत्तम सेलही साधारण ३,५०० मिलिॲम्पिअर-तासांच्या आसपास थांबतो. म्हणून त्या आकारावर ५,००० छापलेले असेल तर तो आकडा खोटा आहे. एफ ९७० मध्ये सहा सेल असतात, एका सेलचे वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे नुसत्या सेलचेच पावणेतीनशे ग्रॅम झाले. हातात घेतल्यावर ती बॅटरी हलकी लागली, तर आत सेल कमी घातले आहेत. दुकानातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहायला संकोच करू नये.

ठेवायची झाल्यास निम्म्याच्या आसपास चार्ज करून, कॅमेऱ्यातून काढून, घरातल्या थंड आणि कोरड्या जागी ठेवावी. पूर्ण भरून ठेवली तर ती लवकर जुनी होते आणि पूर्ण रिकामी ठेवली तर मघाशी सांगितलेल्या अवस्थेला जाते. दर सहा महिन्यांनी पाहून पुन्हा निम्म्यापर्यंत आणावी. 'पूर्ण उतरवूनच चार्ज करा' हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे, लिथियमला तो लागू नाही. त्याउलट जुन्या मोठ्या व्हीएचएस कॅमेऱ्यांच्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या नेहमी पूर्ण भरलेल्याच ठेवाव्या लागत. या तीन जातींचे नियम एकमेकांत मिसळल्यानेच घराघरांत बॅटऱ्या मेल्या आहेत.

वाशिष्ठीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. अडॅप्टर सापडला. कॅमेरा सुरू झाला, पण पडद्यावर 'सी:२१:००' असे येते आणि कॅसेट आत घेत नाही. तारीखही दर वेळी पुसली जाते.

सांगलीचा व्हिडिओवाला

सी:२१ म्हणजे आत दव जमल्याचे यंत्राला जाणवले आहे. चिपळूणच्या हवेत हे स्वाभाविक आहे. कॅसेटचे दार उघडे ठेवून, वर पातळ कापड टाकून तासभर तसाच राहू द्या. गरज पडल्यास पंख्याखाली ठेवा, पण केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा किंवा ऊन देऊ नका. संकेत गेल्यावरही आणखी तासभर थांबा. ड्रमवर ओलावा असताना फीत त्याला चिकटते आणि एका क्षणात चुरगळते. ते नुकसान भरून येत नाही. पुढे कधी सी:२२ दिसले तर हेडे मळली आहेत असे समजावे आणि कोरडी क्लीनिंग कॅसेट वेष्टनावर लिहिली असेल तेवढेच सेकंद चालवावी. बहुतेकांवर दहा सेकंद लिहिलेले असते. ती कॅसेट हेडे घासूनच साफ करते, म्हणून सवयीने दर वेळी चालवू नये. सी:३१ किंवा सी:३२ आले, तर अडॅप्टर काढून पुन्हा लावून एकदा पाहावे आणि तरीही राहिले तर यंत्र दुरुस्तीला द्यावे.

तारखेसाठी आत एक लहानशी वेगळी बॅटरी असते. बऱ्याच सोनी मॉडेलांत ती अडॅप्टरवरून चार्ज होते. कॅमेरा बंद ठेवून अडॅप्टर एक दिवसभर जोडून ठेवा आणि मग तारीख लावा. चित्रीकरणाची मूळ तारीख फितीवरच नोंदलेली असते, तिला याने धक्का लागत नाही.

एडिसनची सुनबाई

मी न्यू जर्सीत राहते. आमच्याकडच्या कॅसेट दोन प्रकारच्या आहेत, काही मिनीडीव्ही आणि काही हाय-एट, म्हणजे त्याआधीच्या ॲनालॉग कॅसेट. सासूबाई-सासरे इथे आले तेव्हाचे हे चित्रीकरण आहे आणि पुण्याच्या घरी जाऊन निवांतपणे ते संगणकात घ्यावे असा विचार आहे. पुण्यात दिरांकडे कॅमकॉर्डर आहे, तो चालेल का?

सर्किट आणि सेल

ताई, बहुतेक चालणार नाही. अमेरिकेतले चित्रीकरण तिथल्या टीव्हीच्या एनटीएससी पद्धतीचे आहे, भारतातले कॅमेरे पालचे. पुण्यातल्या कॅमेऱ्यात तुमची कॅसेट घातली, तर बहुधा निळा पडदा किंवा तुटके चित्र दिसेल, आणि कॅसेट खराब झाली असा गैरसमज होईल. त्यापेक्षा तुमचाच कॅमेरा सोबत न्या. त्याचा अडॅप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टचा असतो, तसे त्यावर लिहिलेले पाहून घ्या, म्हणजे फक्त पिनेचा प्रश्न उरतो. फायरवायरने, म्हणजे कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या डिजिटल तारेने, संगणकात घेताना टीव्हीच्या पद्धतीचा संबंध येत नाही. विमानात सुटी लिथियम बॅटरी हातातल्या सामानातच ठेवायची असते, तिची टोके चिकटपट्टीने झाकलेली असावीत. कॅमकॉर्डरची मोठी बॅटरीही पन्नास वॉट-तासांच्या आत असल्याने १०० ची मर्यादा ओलांडली जात नाही. कॅसेट एक्स-रे यंत्रातून गेल्या तर त्यांना अपाय होत नाही, कारण त्या चुंबकीय आहेत, प्रकाशाच्या नाहीत.

हाय-एटसाठी १९९९ पासून आलेले डिजिटल-एट जातीचे कॅमेरे शोधा. त्यांतली बरीच मॉडेले जुन्या हाय-एट आणि व्हिडिओ-एट कॅसेट वाचतात आणि थेट फायरवायरवर डिजिटल रूपात देतात. सगळी देत नाहीत, म्हणून घेण्याआधी त्या मॉडेलचे माहितीपुस्तक पाहावे.

फीत आणि फाइल

मी कागदपत्रे आणि ध्वनिमुद्रणे जतन करण्याचे काम करते, म्हणून वाशिष्ठीकाठ यांच्या तिसऱ्या प्रश्नावर थोडे ठामपणे लिहिते. नव्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून ठेवणे हा आता मार्ग नाही. नीट ठेवलेली फीत अजून काही वर्षे टिकेलही, पण ती वाचणारे चालू यंत्र, त्याचे सुटे भाग आणि ते जोडता येईल असा संगणक या तिन्ही गोष्टी फितीच्या आधी संपत चालल्या आहेत. ॲपलने २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून फायरवायरचा आधार काढून टाकला. विंडोज १० वर त्यासाठीचा जुना ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. लिनक्सवर डीव्हीग्रॅब हा फीत संगणकात घेणारा प्रोग्रॅम अजून व्यवस्थित चालतो. हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलण्याजोगे राहिलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मिनीडीव्हीचे एक मोठे सुख असे की फायरवायरने घेतले तर फितीवरचा डिजिटल मजकूर जसाच्या तसा फाइलमध्ये येतो. लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारांनी स्वस्त यूएसबी डबीतून घेतले, तर आधी डिजिटलचे ॲनालॉग आणि मग पुन्हा डिजिटल होते. त्यात रंग आणि तपशील दोन्ही जातात, शिवाय फितीवरची तारीख-वेळही येत नाही. कॅमेऱ्यावरच्या यूएसबी छिद्राचा बहुतेक मॉडेलांत चित्रफितीसाठी उपयोग नसतो, ते छायाचित्रांसाठी दिलेले असते. फायरवायरची तार जोडताना दोन्ही यंत्रे बंद ठेवावीत. सहा पिनांच्या टोकातून वीजही वाहते आणि ते उलटे किंवा तिरपे बसले तर कॅमेऱ्याची जोडणी कायमची जळते.

एका तासाच्या कॅसेटची मूळ डीव्ही फाइल सुमारे तेरा जीबीची होते. तीस कॅसेटचे चारशे जीबी धरा. ही फाइल लहान करून मूळ पुसू नका. कुटुंबात पाठवायला हवी तर लहान प्रत वेगळी करा. मूळ फाइल दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि त्यातली एक दुसऱ्या गावी असावी. पुराचे तुम्ही पाहिलेलेच आहे.

चित्रकथा शिकणारी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्या अभ्यासक्रमातल्या लघुपटाचा एक भाग मला मुद्दाम मिनीडीव्हीवर चित्रित करायचा आहे. नवी कॅसेट कशी निवडावी?

सांगलीचा व्हिडिओवाला

आता दुकानात मिळते ती कॅसेट बहुधा जुन्या साठ्यातलीच असते, म्हणून ब्रँडइतकेच महत्त्व ती कुठे पडून होती याला आहे. वातानुकूलित दुकानातल्या कपाटातली आणि गोदामातल्या पत्र्याखालची यांत फार फरक पडतो. सीलबंद, साठ मिनिटांची घ्यावी. ऐंशी मिनिटांची फीत पातळ असते आणि जुन्या यंत्रात ती ताणली जाण्याचा संभव अधिक. 'एचडीव्ही' या हाय-डेफिनिशन पद्धतीसाठी म्हणून महाग विकली जाणारी कॅसेट घेण्याचे कारण नाही, साध्या डीव्हीसाठी साधी पुरते. आधी वापरलेली घेऊ नये.

चित्रीकरण एसपी या नेहमीच्या वेगावरच करावे, एलपी या संथ वेगावर कधीही नाही. एलपीत साठ मिनिटांची नव्वद मिनिटे होतात, कारण मागाची रुंदी दहावरून पावणेसात मायक्रॉनच्या आसपास येते, आणि मग ती कॅसेट ज्या कॅमेऱ्यात भरली त्याखेरीज दुसऱ्यात वाचली जाईल याची खात्री राहत नाही. आम्ही सोनीच्या पीडी १७० या कॅमेऱ्यावर लग्ने करायचो तेव्हा महत्त्वाच्या कामाला उलट डीव्हीकॅम पद्धत वापरायचो. त्यात माग पंधरा मायक्रॉनचा होतो आणि साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये चाळीसच मिनिटे मावतात, पण मुहूर्तावर अक्षता पडतानाचे चित्र तुटले नाही ही निश्चिंती मोठी होती. नवी कॅसेट वापरण्याआधी एकदा टोकापर्यंत नेऊन परत आणावी, पहिली तीस सेकंद लेन्सचे झाकण लावूनच चित्रीकरण होऊ द्यावे आणि भरल्यानंतर कॅसेटच्या पाठीवरची कळ 'सेव्ह'कडे सरकवावी, म्हणजे चुकून तिच्यावर पुन्हा चित्रीकरण होत नाही. एका कॅमेऱ्यात एकाच ब्रँडची कॅसेट वापरावी, कारण प्रत्येक ब्रँडचे वंगण वेगळे असते आणि ते मिसळले की हेडे चोक होतात.

सर्किट आणि सेल

दादा, शेवटच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. सुरुवातीच्या वर्षांत वंगणांच्या फरकामुळे तक्रारी झाल्या असतीलही, पण कॅमेऱ्यातून निघालेल्या बऱ्याच मळलेल्या हेडांवर मला फितीची झीज आणि धूळच दिसली आहे. ज्यांच्याकडे आधीच पाच ब्रँडच्या कॅसेट भरलेल्या आहेत, त्यांनी या भीतीने काम थांबवू नये.

सांगलीचा व्हिडिओवाला

भरलेल्या कॅसेटबाबत तुमचे म्हणणे मान्य आहे. नवी निवडताना मात्र मी एकच ब्रँड घेण्याचा आग्रह ठेवेन. त्याने खर्च वाढत नाही.

वाशिष्ठीकाठ

चाचणीची कॅसेट पूर्ण चालली आणि पुतण्याच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्सने फाइलही आली. आता रोज संध्याकाळी एक-दोन कॅसेट घेत आहे. लग्नाच्या दुसऱ्या कॅसेटमध्ये सप्तपदीच्या वेळी चित्राचे चौकोन तुटतात आणि आवाज क्षणभर जातो. आणखी एक, घेऊन झालेल्या कॅसेट टाकून द्यायच्या का?

फीत आणि फाइल

टाकू नका. चौकोन तुटणारा भाग आणखी दोन-तीनदा वाचून वेगवेगळ्या फाइली ठेवा. फितीवरचा कण दर वेळी त्याच जागी राहत नाही, त्यामुळे एका वाचनात गेलेली चौकट दुसऱ्यात सापडते आणि नंतर त्या जोडता येतात. शक्य असेल तर दुसऱ्या कॅमेऱ्यातही वाचून पाहा, कारण एका यंत्राच्या हेडांना न जुळणारा माग दुसऱ्याला जुळतो.

घेऊन झालेली कॅसेट सुरुवातीपर्यंत मागे नेऊन, डबीत घालून, पुस्तकासारखी उभी ठेवा. आडव्या थप्पीत वेढणी एका बाजूला सरकतात. माळा, बाहेरची भिंत आणि स्वयंपाकघराला लागून असलेले कपाट टाळा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घाला आणि त्याचा रंग बदलला की पुडी बदला. डांबरगोळ्या घालू नका, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिके मऊ पडतात. बुरशीच्या दोन कॅसेट ज्या जाणकाराकडे द्याल, त्याच्याकडे त्यासाठी वेगळे ठेवलेले यंत्र आहे का, हे आधी विचारा. नसेल तर देऊ नका.

सांगलीचा व्हिडिओवाला

तसे एक यंत्र माझ्याकडे आहे. कुरिअरने पाठवू नका, कोणी इकडे येणार असेल तर हाती पाठवा. कॅसेट पिशवीतच राहू द्या आणि पाऊस सुरू होण्याआधी आल्या तर वाळवायला सोपे जाईल.

वाशिष्ठीकाठ

भाऊ पुढच्या आठवड्यात मिरजेला येत आहे, त्याच्याकडे देतो. जुनी बॅटरी मात्र एका बाजूने फुगलेली वाटते. ती काय करावी?

सर्किट आणि सेल

तिला पुन्हा चार्जरला लावू नका, दाबू किंवा उघडू नका. टोकांवर चिकटपट्टी लावा, कोरड्या वाळूच्या डब्यात घालून घराबाहेरच्या सावलीत ठेवा आणि जवळचे ई-कचरा संकलन केंद्र कधी उघडे असते ते विचारून तिथे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती नगरपालिकेच्या रोजच्या कचऱ्यात टाकायची नसते, आणि घंटागाडीत दाबली गेली तर ती पेट घेऊ शकते. नवी घेणार असाल तर आधी त्या दुकानात जुनी परत घेतात का ते विचारा. बॅटरी विकणाऱ्या कंपन्यांवर ती जबाबदारी त्याच नियमांनी टाकलेली आहे.